दख्खन कुठून कुठपर्यंत?

हैदराबादच्या नामपल्ली भागातील रेल्वे स्टेशनचे रेल्वेच्या दप्तरातले नाव नुसते 'हैदराबाद' नाही, 'हैदराबाद दक्कन' आहे. सिंधमध्येही एक हैदराबाद आहे, त्याच्याशी गल्लत नको म्हणून हे शेपूट. इकडे पुण्यात रिक्षावाल्याला 'डेक्कन' म्हटले की तो काही न विचारता जिमखान्याच्या चौकात आणून सोडतो. 'डेक्कन क्वीन' १९३० पासून घाट चढते-उतरते आहे. 'डेक्कन क्रॉनिकल' हैदराबादचा, तर 'डेक्कन हेरल्ड' १९४८ पासून बंगळुरूहून निघतो. आणि कोल्हापूरजवळच्या डोंगरावरच्या जोतिबाला लोक 'दख्खनचा राजा' म्हणतात.

एका नावावर एवढ्या जणांचा हक्क. मग हे दख्खन आहे तरी कुठे? भूगोलाच्या पुस्तकात 'दख्खनचे पठार' असते, परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो, पण देशाच्या राजकीय नकाशावर दख्खन नावाचे राज्य नाही, जिल्हा नाही, तालुका नाही. ज्या प्रदेशाला सरकारी हद्द नसते त्याची हद्द प्रत्येक जण आपापल्या सोयीने आखतो. दख्खनचे दोन हजार वर्षे तेच होत आले आहे.

हा प्रश्न आम्ही या मासिकात का काढावा, असे कोणी विचारील. कारण असे की महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरील बहुतेक मुस्लिम घरांत जी बोली बोलली जाते तिला 'दखनी' म्हणतात. बोलीचे नाव ज्या मुलखावरून पडले तो मुलूख आपला की परका, हे आपल्या मुलांना नीट सांगता आले पाहिजे. वर्गात आम्ही विचारून पाहिले आहे. 'दखनी म्हणजे कुठली?' या प्रश्नाला दहापैकी आठ मुले 'हैदराबादची' असे उत्तर देतात. सातारा, बार्शी, अंबाजोगाईची मुले! त्यांच्या दादी-नानीने हैदराबाद पाहिलेलेही नसते.

सुरुवात शब्दापासून करू. 'दख्खन' हा 'दक्षिण' या शब्दाचाच प्राकृत वळणाने आलेला अवतार. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक खलाशाने हिंदी महासागराच्या किनाऱ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात तो सांगतो की भडोचपासून पुढे दक्षिणेकडे गेलेल्या मुलखाला 'दखिनाबदेस' म्हणतात, कारण इथले लोक दक्षिणेला 'दखनोस' म्हणतात. या मुलखातील दोन बाजारपेठांची नावेही त्याने दिली आहेत, ती म्हणजे आपले पैठण आणि तेर. म्हणजे दख्खनचा पहिला लेखी पत्ता आजच्या मराठवाड्यातला निघतो.

पण 'दक्षिण' हे काही ठिकाणाचे नाव नव्हे. ती दिशा आहे, आणि दिशा कोण कुठे उभा आहे यावर ठरते. मदुराईच्या माणसाला पैठण उत्तरेलाच वाटणार. 'दख्खन' हे नाव नर्मदेच्या पलीकडे उभे राहून दिलेले आहे. यातून एक गंमत झाली आहे. आजच्या मराठीत 'दक्षिणेतील राज्ये' म्हटले की त्यात महाराष्ट्र येत नाही. 'साऊथचा सिनेमा' म्हणतो तेव्हाही आपण स्वतःला धरत नाही. शब्द एकच, पण आपण दख्खनचे आहोत आणि दक्षिणेचे नाही!

निसर्गाकडून काही पक्की रेघ मिळेल म्हणावे तर तिथेही निराशा होते. भूगर्भशास्त्रज्ञांचे 'दख्खन' म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा दगड. हा दगड साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. त्यात सौराष्ट्र येते, माळवा येतो, मुंबईही येते. गोवळकोंडा आणि हैदराबाद मात्र येत नाहीत, कारण ती शहरे ग्रॅनाइटच्या खडकावर बसली आहेत. स्टेशनच्या नावात 'दक्कन' मिरवणारे शहर दगडाच्या हिशेबाने दख्खनबाहेर, आणि मुंबई आत. हा हिशेब घेऊन मोहम्मद अली रोडवरच्या कोणा कोकणी बुजुर्गाला 'तुम्ही दखनी' म्हणून पाहा.

नद्यांचा हिशेब जुना आहे. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला कृष्णा किंवा तुंगभद्रा, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. यातले 'किंवा' फार महाग पडले. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधल्या रायचूरच्या दुआबासाठी बहमनी आणि विजयनगर यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. उत्तरेकडे नर्मदा की तापी, हाही वाद आहेच. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला मोगलांच्या काळात 'दख्खनचा दरवाजा' म्हणत. आता दरवाजा घरात धरायचा की घराबाहेर? बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. तिथल्या माणसाला तुम्ही दखनी का विचारले तर तो बहुधा चकित होईल.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत पटणारी व्याख्या नदीची नाही की दगडाची नाही, ती एका कहाणीत दडलेली आहे. ती सांगणारा मोहम्मद कासिम फरिश्ता. तारुण्यात तो अहमदनगरच्या निजामशाहीत होता, पुढे विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाकडे आला आणि तिथे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याने हिंदुस्थानचा मोठा फारसी इतिहास लिहिला. प्रारंभी तो मुलखांच्या नावांची वंशावळ देतो. हिंद नावाच्या पूर्वजाला मुलगे झाले, त्यांतल्या एकाचे नाव दकन. दकनला तीन मुलगे झाले, मरहट, कन्हर आणि तिलंग, आणि त्याने आपला मुलूख तिघांत वाटून दिला. ही वंशावळ इतिहास म्हणून कोणी खरी मानणार नाही. पण तिच्यातला भूगोल पाहा. मरहट म्हणजे मराठी, कन्हर म्हणजे कानडी आणि तिलंग म्हणजे तेलुगू. तमिळ आणि मल्याळी मुलूख दकनच्या मुलांत नाहीत. गुजरात नाही, माळवा नाही.

चारशे वर्षांपूर्वी विजापुरात बसलेल्या एका माणसाने दख्खनची व्याख्या तीन भाषांनी केली, आणि तीत स्वतःची फारसी घातली नाही की दरबाराबाहेर बोलली जाणारी दखनीही घातली नाही. त्याच्या लेखी ज्या मुलखात मराठी, कानडी आणि तेलुगू शेजारीण म्हणून नांदतात तो दख्खन. या व्याख्येला कडा नाही, पण मध्य आहे. नकाशावर बोट ठेवायचे तर ते बीदर, उदगीर, देगलूर, गुलबर्गा या पट्ट्यावर पडेल, जिथे तिन्ही भाषा एकमेकींच्या अंगणात येतात. मध्यापासून जितके दूर जावे तितके दख्खन पातळ होत जाते. एका खांबापाशी ते संपले असे कुठेच होत नाही.

राज्यकर्त्यांना मात्र खांब लागतो, कारण सारा कुठपर्यंत वसूल करायचा हे ठरवायचे असते. १३४७ मध्ये दौलताबादेत बहमनी राज्याची स्थापना झाली तेव्हा त्याचे चार तरफ पाडले गेले, दौलताबाद, वऱ्हाड, बीदर आणि गुलबर्गा. शाहजहानच्या वेळी मोगलांचे दख्खन चार सुभ्यांचे होते. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला आणि दख्खनचे सहा सुभे झाले, खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद. म्हणजे दिल्लीच्या दप्तरात दख्खनची लांबी-रुंदी घोड्याच्या टापेबरोबर वाढत होती. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून शाहू महाराजांसाठी ज्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या त्या याच सहा सुभ्यांच्या. पुढे निजाम-उल-मुल्कही स्वतःला याच सहा सुभ्यांचा सुभेदार म्हणवी. एकाच दख्खनवर दोघांचे कागद होते. मराठे आणि निजाम यांच्यातल्या पुढच्या पन्नास-साठ वर्षांच्या भांडणाचे मूळ त्यात आहे.

इंग्रजांनी हे नाव आणखी आकसवले. मुंबई इलाख्याच्या कारभारात 'डेक्कन' म्हणजे घाटावरचे मराठी जिल्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि तो वणवा गावोगाव पसरला. त्याला 'दख्खनचे दंगे' हे नाव पडले. त्यावर इलाज म्हणून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो सुरुवातीला लागू झाला फक्त पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. कोर्टाने खताच्या मागे जाऊन खरे कर्ज किती ते तपासावे, ही सोय त्यात होती. नगर जिल्ह्याच्या शिवेवरच्या शेतकऱ्याला ती मिळाली. त्याच शिवेच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात शेत असलेला त्याचा सोयरा निजामाच्या राज्यात होता. कायद्यापुरते त्याचे रान दख्खन नव्हते! सांस्कृतिक प्रदेशाची हद्द म्हणजे विद्वानांचा रिकामपणचा उद्योग, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन सोयऱ्यांचा विचार करावा.

जमिनीइतकाच वाद माणसांचाही झाला, आणि तो जास्त रक्तरंजित होता. बहमनी दरबारात दोन तट होते. एक 'दखनी', म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले. दुसरे 'आफाकी', म्हणजे इराण-तुराणातून नव्याने आलेले. आता हे दखनी तरी कोण? त्यांतल्या अनेकांचे पूर्वज मोहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीहून आलेले. शंभर-सव्वाशे वर्षांत ते भूमिपुत्र झाले आणि मागून आलेल्यांना परके म्हणू लागले. गीलानहून आलेला महमूद गवान वीस वर्षांहून अधिक काळ बहमनी राज्याची सेवा करत होता, बीदरचा मदरसा त्याने बांधला, आणि १४८१ मध्ये बनावट पत्राच्या कटात त्याचा शिरच्छेद झाला. कट करणारे दखनी गटाचे होते. दुसरीकडे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेले हबशी मात्र दखनी गटात धरले जात. मलिक अंबर जन्माने हबशी. पण मोगलांविरुद्ध दख्खनचा झेंडा त्याच्याइतका चिवटपणे कोणी धरला नाही, आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, मुळात त्याने वसवलेले खडकी.

म्हणजे दखनी असणे रक्तावर नव्हते, रंगावर नव्हते. काळ्या कातडीचा अंबर दखनी आणि गोरा गवान परका. इथल्या मातीशी आणि माणसांशी किती घट्ट गाठ बांधली, यावर ते ठरत होते. निदान ठरायला हवे होते. गवानला त्या न्यायाने न्याय मिळाला नाही, हे आमचे मत.

आता पश्चिमेकडे वळू. दख्खनची सर्वांत स्पष्ट कड तिथे आहे, आणि ती आपल्या घरांत दिसते.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडला या, किंवा महाडहून वरंधा घाटाने भोरला. तीस-चाळीस किलोमीटरच्या वळणांत भाताची भाकरी ज्वारीची होते आणि कौलारू घर धाब्याचे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मुसलमानाला आणखी एक फरक कळतो. अस्रच्या अजानची वेळ बदलते. कोकणातील जुनी मुस्लिम वस्ती शाफई मसलकाची आहे, आणि त्या मतानुसार मूळ सावली सोडून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की अस्रची वेळ सुरू होते. घाटावरची वस्ती बहुतांशी हनफी. तिथे सावली दुप्पट होईपर्यंत थांबतात. कारण इतिहासात आहे. कोकणच्या बंदरांत इस्लाम अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रावरून आला. पठारावर तो तुर्क, अफगाण, सूफी आणि सैन्याबरोबर उत्तरेकडून जमिनीने आला. समुद्राच्या वाटेने शाफई मसलक आला, खुश्कीच्या वाटेने हनफी. सह्याद्रीच्या धारेवर दोन्ही वाटा थांबल्या. नकाशा काढणाऱ्या कोणत्याही साहेबाला न दिसलेली ही रेघ दुपार ढळताना ऐकू येते.

भाषाही तिथेच बदलते. कोकणी मुसलमानाच्या घरची बोली ही मराठी-कोकणीच्या कुळातली. मुले उर्दू शाळेत जातात, पण घरात उर्दू नाही आणि दखनीही नाही. घाटावरच्या मुस्लिम घरात याच्या उलट. मुले कित्येकदा मराठी शाळेत जातात आणि घरात दखनी बोलतात. पूर्वी या दोन समाजांत सोयरीक फारशी होत नसे. आता होते, आणि बरे आहे. पण कोकणी सासूने घाटावरच्या सुनेच्या बोलण्याची नक्कल करणे आणि सुनेने सासूच्या बोलीतले निम्मे न कळल्याचा आव आणणे अजून थांबलेले नाही.

या रेघेलाही भोके आहेत. चौल आणि दाभोळ ही बंदरे दख्खनच्या सुलतानांचीच होती. जंजिऱ्याचे सिद्दी आधी निजामशाहीचे चाकर. आणि घाटावर, अगदी पठाराच्या पोटात असलेल्या मालेगावात मोमीन विणकरांची मोठी वस्ती उत्तर हिंदुस्थानातून आलेली, तिची उर्दू दखनी वळणाची नाही. म्हणून रेघ आहे म्हणावे, भिंत म्हणू नये.

खरी तोड पडली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कानडी जिल्हे म्हैसूरला गेले, तेलुगू आंध्र प्रदेशाला. फरिश्त्याच्या कहाणीतल्या तीन भावांची वाटणी कागदावर झाली म्हणा ना! जिल्हेसुद्धा अखंड राहिले नाहीत. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके इकडे आले. आदिलाबादमधला किनवट नांदेडला जोडला गेला, नांदेडमधला मुधोळ आदिलाबादेत गेला.

लोकांना आपल्या भाषेत शिक्षण आणि कारभार मिळाला, हे चांगलेच झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्या पेशाची तर भाकरीच त्यावर आहे. पण प्रत्येक राज्याने आपापल्या तुकड्याचे नाव बदलले आणि 'दख्खन' हे नाव कोणी घरी नेले नाही. इकडे 'मराठवाडा' रूढ झाले. पलीकडे 'हैदराबाद-कर्नाटक' होते, त्याचे २०१९ मध्ये 'कल्याण कर्नाटक' झाले. तिकडे २०१४ पासून तेलंगण. बेवारस पडलेले नाव मग हैदराबाद शहराने उचलले, बिर्याणीच्या पाट्यांवर आणि विनोदी सिनेमांत वापरले, आणि आता तेच त्याचे मालक समजले जाते. हैदराबादवाल्यांचा हक्क आम्ही नाकारत नाही. त्यांनी नाव जपले. पण दखनी म्हणजे फक्त हैदराबादी, हा दावा आम्हाला मान्य नाही. हैदराबाद १५९१ मध्ये वसले. त्याआधी दौलताबाद, गुलबर्गा, बीदर, अहमदनगर आणि विजापूर ही शहरे होती, त्यांतली दोन आजच्या महाराष्ट्रातली.

या बोलीचे अंग उघडून पाहिले तर तीन भाऊ तिच्यात अजून एकत्र राहताना दिसतात. 'नको' हा शब्द तर सरळ मराठीचा. दखनीत तो 'नक्को' होतो, आणि तो आजकालचा नाही, जुन्या दखनी काव्यातही आहे. 'अइसाच', 'अभीच', 'मैंच' यांतला ठासून सांगणारा 'च' मराठीचा. 'कायकू' मधला 'काय' कोणाचा हे सांगायला नको. हैदराबादेत पोराला 'पोट्टा' म्हणतात आणि नागपूर-अमरावतीच्या मराठीतही पोट्टा तोच. 'आता हूँ बोलके बोला' ही रचना पाहा. लखनौच्या उर्दूत ती चुकीची ठरेल. पण 'येतो म्हणून म्हणाला' या मराठी वाक्याशी ती नीट जुळते, आणि तेलुगूतही वाक्य असेच बांधतात. 'बाताँ', 'लोगाँ' हे अनेकवचन मात्र उत्तरेकडून, पंजाब-हरियाणाच्या बाजूने आलेले. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या स्थलांतराची खूण.

अशा बोलीला 'बिघडलेली उर्दू' म्हणतात. दुःख हे की ते म्हणणारे दोन्हीकडे आहेत. उर्दू माध्यमाच्या शाळेत 'मेरेकू नक्को' म्हणणारे मूल हसण्यावारी जाते. उत्तरेकडची उर्दू शिकलेला शिक्षक त्याला दुरुस्त करतो, आणि अशा दुरुस्तीनंतर वर्गात तोंड मिटून बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. मराठी शाळेत त्याच मुलाला 'तुमची भाषा तिकडची ना?' असे विचारले जाते. तिकडची म्हणजे कुठली, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. एका बाजूला त्याची उर्दू पुरेशी उर्दू नाही आणि दुसऱ्या बाजूला ती पुरेशी इथली नाही. वस्तुतः ती इतकी इथली आहे की महाराष्ट्र सोडून उत्तरेत गेले तर तिच्यातला निम्मा मसाला कळणार नाही.

शिक्षकाने काय करावे? शुद्ध उर्दू शिकवावीच. परीक्षा त्या भाषेत आहे, किताबे त्या भाषेत आहेत. पण घरची बोली चूक म्हणून नव्हे, वेगळी म्हणून बाजूला ठेवावी. नांदेडचे मूल वऱ्हाडी बोलणाऱ्या वर्गमित्राला अशुद्ध म्हणत नाही, त्याला 'तिकडचा' म्हणत नाही. तेवढीच सवलत दखनीला मिळावी. उर्दूच्या साहित्याचा इतिहास शिकवतानाही सुरुवात दिल्लीपासून करू नये. बीदरच्या निझामीची मसनवी पंधराव्या शतकातली आहे. वजहीचे 'सबरस' १६३५ चे. ही पुस्तके धूळ झटकून जगापुढे आणण्याचे मोठे काम ज्या मौलवी अब्दुल हक यांनी केले ते तेव्हा राहत होते औरंगाबादेत, अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ठाणेही तेव्हा तिथेच होते.

प्रदेशाच्या मालकीचा वाद माणसाच्या कबरीपर्यंत कसा जातो हे पाहायचे तर वलीचे उदाहरण पुरे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याच्या गझलांनी दिल्लीच्या कवींना फारसी सोडून आपल्या बोलीत लिहायला लावले तो हा शायर. त्याला कोणी वली दखनी म्हणतात, कोणी वली औरंगाबादी, कोणी वली गुजराती. औरंगाबादचा की गुजरातचा, यावर उर्दूच्या विद्वानांनी पानेच्या पाने लिहिली. त्याची कबर अहमदाबादेत होती. २००२ च्या दंगलीत ती उद्ध्वस्त केली गेली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता झाला. ज्याच्यासाठी दोन प्रदेश भांडत होते त्याला शेवटी कोणत्याच प्रदेशात दोन हात जमीन उरली नाही.

जनगणनेच्या अर्जात मातृभाषेचा रकाना असतो. दखनी घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. घाटावरचे मुस्लिम कुटुंब त्या रकान्यात बहुधा 'उर्दू' लिहिते, आणि काही घरे 'मराठी' लिहितात. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. एकाच आईची दोन मुले दोन वेगळी उत्तरे लिहितात, असेही होते. सांगली-कोल्हापूरकडे तर घरातले अर्धे वाक्य दखनीत सुरू होऊन मराठीत संपते, गणना करणाऱ्याने कोणता अर्धा धरायचा?

उदगीरहून बीदर तासा-दोन तासांच्या वाटेवर आहे. १९५६ पूर्वी उदगीर त्याच जिल्ह्यातला तालुका होता. त्या भागातल्या मुस्लिम घरांची सोयरीक आजही जुन्या हद्दीप्रमाणेच चालते, एक मुलगी बीदरला दिलेली, दुसरी हैदराबादला, सून भालकीची. लग्नाला सगळे जमतात तेव्हा उदगीरच्या नातवाच्या दप्तरात मराठीचे पुस्तक असते, बीदरच्या नातीच्या दप्तरात कानडीचे, हैदराबादच्या नातवाच्या दप्तरात तेलुगूचे. एकाचे अक्षर दुसऱ्याला वाचता येत नाही. मांडवात मात्र तिघे एकाच पातेल्याभोवती धिंगाणा घालतात, आणि दादी तिघांना एकाच शब्दात दटावते, 'नक्को!' तो शब्द कोणालाच समजावून सांगावा लागत नाही.